उत्तर: गाठीचा कडकपणा वेगळा, गाठीतला दाब वेगळा

कर्करोगाच्या गाठीबद्दलच्या मूळ लेखात मी ‘गाठ मऊ केली की औषध आत शिरतं’ असं लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. कर्करोग जनुकांतल्या बिघाडाने होतो, मग त्यात यांत्रिक बळांचं काय काम? दाब वाढला तर पेशींची वाढ उलट खुंटायला हवी. आणि गाठ सैल करणारी औषधं फसली, म्हणजे सगळी मांडणीच पोकळ.

आधी माझी चूक. मूळ लेखात मी ‘कडकपणा’ आणि ‘दाब’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले आणि घोळ तिथेच झाला. बोटाला टणक लागतो तो कडकपणा. कोलॅजन या प्रथिनाचे तंतू वाढतात, लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम त्यांना एकमेकांशी जखडतं, त्यातून तो येतो. घन ताण निराळा: वाढत्या पेशी, तंतू आणि पाणी धरून फुगलेलं हायल्युरोनन (पेशींमधला जेलीसारखा पदार्थ) जागेसाठी एकमेकांना रेटतात. तिसरा द्रवदाब. गळक्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या चेपलेल्या असल्याने ते साचून राहतं.

घन ताण डोळ्यांनी दिसतो. उंदरातून काढलेली ताजी गाठ व्यासाच्या सुमारे 80 टक्के खोलीपर्यंत चिरा. चीर आपोआप उघडते आणि आतला भाग फुगून वर येतो. खोडरबर तसाच चिरलात तर चीर मिटलेलीच राहते. कडक दोन्ही, पण ताण साठलाय तो गाठीत.

दाबाने वाढ खुंटते, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कर्कपेशींचे गोळे अॅगरोज जेलमध्ये वाढवले होते. ताण 45 ते 120 मिमी पाऱ्यापर्यंत गेला की वाढ थांबायची, जेलमधून सोडवलं की पुन्हा सुरू व्हायची. पण शरीरात त्याच रेट्याखाली रक्तवाहिन्याही असतात. केशवाहिनीतला दाब साधारण 15 ते 30 मिमी पारा. बाहेरून त्याहून जास्त रेटा आला की ती चपटी होते. ऑक्सिजन तुटतो, केमोचं औषध अडतं, आणि अशा उपासमारीत तगणाऱ्या पेशी बहुधा जास्त आक्रमक असतात.

जनुकांचा मुद्दा मी नाकारत नाहीच. पण स्तनाच्या निरोगी पेशी दोनेकशे पास्कलच्या (पास्कल हे इथे कडकपणाचं माप) मऊ जेलवर ठेवल्या तर पोकळ, नीटस गोलक बनवतात. तेच जेल काही हजार पास्कलचं केलं की पोकळी भरून जाते आणि रचना विस्कटते. जनुकं तीच, फक्त बैठक बदलली.

आता औषधं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हायल्युरोनन विरघळवणाऱ्या पेगपीएच20 या औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी 2019 मध्ये फसली. केमोसोबत ते दिलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) 11.2 महिने, नुसत्या केमोवर 11.5. पण गाठ आकसण्याचं प्रमाण मात्र 47 विरुद्ध 36 टक्के होतं. म्हणजे गाठीवर काहीतरी परिणाम झाला, पण आयुष्य वाढलं नाही. माझ्या मते मोठं कारण असं की गाठीभोवतीची तंतूंची चौकट अडथळाही असते आणि कुंपणही. 2014 मध्ये उंदरांत ते तंतू विणणाऱ्या पेशीच काढून टाकल्यावर रोग अधिक आक्रमक झाला होता.

म्हणून आता भर चौकट पाडण्याऐवजी ताण उतरवण्यावर आहे. याच हेतूने बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रक्तदाबाची जुनी गोळी लोसार्टन केमो आणि रेडिएशनसोबत देऊन पाहिली. 49 पैकी 34 रुग्णांत गाठ कडेला कर्कपेशी न उरता काढता आली. तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे श्रेय लोसार्टनचं किती ते त्या चाचणीवरून ठरत नाही. कुणी घरातली गोळी स्वतःहून सुरू करू नये. केमोच्या उलट्या-जुलाबांत रक्तदाब आणखी उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

मूळ लेखातलं ‘गाठ मऊ केली की औषध आत शिरतं’ हे वाक्य आज खोडलं आहे. त्या जागी ‘चेपलेल्या रक्तवाहिन्या उघडल्या तर औषध पोहोचू शकतं’ असं घातलंय.