एक स्टार दिलेल्या ताईंसाठी

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. लोणी पांढरंफटक, डब्यात अर्धं पाणी, दोन दिवसांत आंबट, आणि 'हाताने घुसळलेलं' ही नुसती जाहिरात, मिक्सरमध्येच फिरवत असणार असं तुम्ही लिहिलंय. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण पाण्याचं ऐकून आईला फार लागलं म्हणून लिहितोय.

ते पाणी आम्हीच घालतो हो. आधी लोण्याचं वजन, मग गोळा डब्यात आणि वरून गार पाणी, कारण उघडं राहिलं की लोण्याला वास लागतो. गोळा काढून काट्यावर ठेवा, पाव किलो भरला नाही तर नौपाड्यातल्या काउंटरवरून पैसे घेऊन जा.

रंगाचं म्हणाल तर मुरबाडच्या आमच्या गोठ्यात सगळ्या म्हशीच, आणि म्हशीच्या दुधात गाईसारखं कॅरोटिन नसतं, मग लोणी पिवळं येणार कुठून? पाकिटातलं बटर वेगळी वस्तू, त्यात मीठ असतं, बऱ्याचदा रंगही घालतात. आमचं दह्याचं, बिनमिठाचं, थोडं आंबूस लागणारच, आणि मे महिन्यात ठाण्यात ओट्यावर राहिलं तर कोणाचंच टिकणार नाही. फ्रीजमध्ये ठेवा आणि पाणी रोज बदला.

आता मिक्सर. आई आणि वहिनी ऊन चढायच्या आत डेरा घेऊन बसतात, आधी नुसती खळखळ, मग रवी जड जायला लागते आणि पाकळ्यांना मोहरीएवढे कण दिसले की हात हळू करून गार पाणी घालायचं, तिथे घाई केली तर लोणी मऊ पडतं, ताक आत अडकतं आणि तेच आधी आंबतं. मिक्सरचं भांडं तापतं, त्यात तर चिकटाच होतो. मग धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. एवढं करून 10 लिटर दुधाला जेमतेम पाऊण किलो, म्हणून तो भाव. कधीही पहाटे गोठ्यावर या, रवी तुमच्याच हातात देतो, खांदे काय म्हणतात ते बघा 😄

आणि उरलेलं फेकू नका. नुसतं आंबट झालं असेल तर मंद गॅसवर कढवा, शेवटी विड्याचं पान टाका, बेरी लालसर झाली की लगेच बंद करा, नाहीतर तूप करपेल आणि त्याचाही रिव्ह्यू मलाच येईल.