शास्त्राधार काय?

भाद्रपद आला की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटतो. यंदाचा विषय, मुलीनं वडिलांचं श्राद्ध करावं का? काका विचारतात, "शास्त्राधार काय?" आतेभाऊ म्हणतो, सगळंच थोतांड, बंद करा. मी शांघायमध्ये राहते. या दोघांनाही इथला छिंगमिंग दाखवावासा वाटतो.

पूर्वजांची थडगी झाडायचा हा दिवस. बहुतेक चिनी सण चांद्र तिथीनं येतात, हा सूर्यावर चालतो. म्हणून आपल्या संक्रांतीसारखी त्याची तारीख जवळपास ठरलेली, ४-५ एप्रिल. त्याला लागूनच पूर्वी चूल न पेटवण्याचा 'थंड अन्नाचा' सण असे. त्याची कथा अशी : वनवासातल्या राजपुत्राला जिये झ्-थुई या त्याच्या सेवकानं स्वतःच्या मांडीचं मांस खाऊ घातलं. राजपुत्र गादीवर बसला आणि त्याला विसरला. पुढे आठवण झाली, तर डोंगरात जाऊन राहिलेल्या जियेला बाहेर काढायला जंगलच पेटवलं. जिये आत जळून मेला. जिवंतपणी विसरायचं नि मेल्यावर सण घालायचा, हे आपल्यालाही नवं नाही.

थडग्यांवर जायची चाल या थंड सणाला चिकटली. ७३२ मध्ये थांग घराण्यातल्या सम्राट श्वानझोंगनं तिला मान्यता दिली, आणि फर्मानात सरळ कबूल केलं की धर्मग्रंथांत याचा उल्लेख नाही. पण लोकांत रूढ झालंय, तर करू द्या. काकांच्या प्रश्नाला तेराशे वर्षांपूर्वीच मिळालेलं हे उत्तर मला फार आवडतं.

आतेभावाची वाटही इथे चालून झाली. १९५६ मध्ये माओंसह बड्या नेत्यांनी पुरण्याऐवजी दहन करण्याच्या आवाहनावर सह्या केल्या, पुढे पूर्वजांसाठी कागदी नोटा जाळणं अंधश्रद्धा ठरलं. (माओंचा देह मात्र आजही बीजिंगमध्ये जतन केलेला आहे.) चाल काही मेली नाही. २००८ पासून छिंगमिंगची सरकारी सुट्टी आहे.

एकुलत्या एका लेकीच्या घरात आज थडगं तीच झाडते. मग सगळे सहलीला जातात, छिंगथ्वान, म्हणजे चिकट तांदळाचे हिरवे गोळे, खातात. तरी इथलं सगळंच मला पटतं असं नाही. सुट्टी आणि बंदी, दोन्ही वरून येतात; लोकांना कुणी विचारत नाही. आमच्या ग्रुपवर निदान पुतणीला काकांशी भांडता तरी येतं.