कॉइल चालू आहे सर, चुंबकांची जोडी उलटी बसली आहे. आणि तसं होण्यात चूक आमची आहे

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की भूकंपमापकाच्या किटमधली कॉइल (तारेचं वेटोळं) मेलेली निघाली, पडद्यावर रेषा सरळच राहिली, एका चुंबकाचा टवका उडाला, दांडी एकदा हलली की थांबता थांबत नाही, आणि दुकानात फोन केला तर "मल्टिमीटर लावून बघा" एवढंच सांगून ठेवून दिला. वर्गातल्या मुलांसमोर तुमची पंचाईत झाली, याचं मला खरंच वाईट वाटलं.

टवक्याचं आधी सांगतो. निओडिमियम चुंबक दिसायला लोखंडासारखा चकचकीत, पण काचेसारखा ठिसूळ असतो. दोन चुंबक एकमेकांवर आपटले की कड उडते. आम्ही कॉइलचे चारही चुंबक मध्ये नुसता पुठ्ठा घालून दिले होते, तिथे लाकडी फळी हवी होती. नवा चुंबक तुम्हाला विनामूल्य मिळेल.

कॉइल मात्र मेलेली नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मल्टिमीटर ४३८ ओहम रोध दाखवतोय. आम्ही ४० गेजच्या तारेचे २००० फेरे देतो. एक फेरा सरासरी १५ सेंटिमीटरचा, म्हणजे ३०० मीटर तार झाली, आणि तिचा रोध ४४० ओहमच्या आसपासच येतो. तार कुठे तुटली असती तर हा आकडा आलाच नसता.

दोष चुंबकांच्या मांडणीत आहे. फोटोत वरच्या पट्टीवरच्या दोन्ही चुंबकांचे लाल ठिपके एकाच बाजूला दिसतात. लाल ठिपका म्हणजे उत्तर ध्रुव. शेजारी ठेवताना ते दोघे एकमेकांना ढकलत असणार, म्हणूनच तुम्ही गोंद लावून दाबून बसवलेत. तिथेच घोटाळा झाला. कॉइल लांबट आहे, आणि ती चुंबकांच्या फटीत हलली की तिच्यात विद्युत दाब (व्होल्टेज) तयार होतो. तिच्या एका लांब बाजूत प्रवाह पुढे जातो तेव्हा दुसऱ्या लांब बाजूत तो मागे येतो. दोन्ही बाजूंना चुंबकाचं क्षेत्र एकाच दिशेचं मिळालं तर जेवढा दाब एका बाजूत तयार होतो तेवढाच दुसरीत उलटा तयार होतो. बेरीज शून्य. कॉइल कितीही चांगली असली तरी रेषा सरळच राहणार.

म्हणून एका पट्टीवर शेजारी-शेजारी विरुद्ध ध्रुव हवेत. तसे ठेवले की ते स्वतःहून एकमेकांकडे ओढले जातात. समोरच्या पट्टीवर उत्तरासमोर दक्षिण आणि दक्षिणेसमोर उत्तर यायला पाहिजे, म्हणजे फटीतून एका अर्ध्यात क्षेत्र वरून खाली आणि दुसऱ्या अर्ध्यात खालून वर जातं. दोन चुंबकांमधली रेघ कॉइलच्या बरोबर मध्यावर येऊ द्या, दोन्ही बाजूंचे दाब मिळून दुप्पट होतील. मागच्या लोखंडी पट्ट्या काढू नका, क्षेत्र बाहेर न सांडता फटीत राहतं ते त्यांच्यामुळेच. कॉइलच्या चौकटीला मात्र पितळी स्क्रूच लावा. लोखंडी लावला तर चुंबक तो ओढून धरेल आणि दांडी मोकळी झुलणार नाही.

हे सगळं आमच्या माहितीपत्रकात असायला हवं होतं. तिथे फक्त वरून दिसणारं चित्र आहे, ठिपका कुठल्या बाजूला ठेवायचा ते दाखवलेलंच नाही. तुमचं वाचून मी बाजूचं चित्र काढलंय, ते आता प्रत्येक किटमध्ये जाईल. फोनवरच्या उत्तराबद्दलही माफी मागतो. त्या दिवशी यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंडिंगला (तार पुन्हा गुंडाळायला) आल्या होत्या, पण ते काही कारण नव्हे.

दांडी थांबत नाही, कारण तांब्याची पट्टी फोटोत बाजूला पडलेली दिसते. ती चुंबकाला चिकटत नाही म्हणून बिनकामाची वाटली असेल. पण ती दांडीला लावून दुसऱ्या चुंबकजोडीच्या फटीतून सरकली की तिच्यात भोवरा-प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह) उठतात आणि हालचालीला विरोध करतात. त्यानेच झुलणं आवरतं. नाहीतर जमिनीचा एक धक्का आणि दांडीचं स्वतःचं पाच मिनिटांचं डोलणं वेगळं ओळखू येत नाही.

चुंबकांची मांडणी बदलल्यावर ॲम्प्लिफायर लावण्याआधी एक करून बघा. कॉइलची दोन्ही टोकं एकमेकांना जोडा आणि दांडी हाताने हलवा. टोकं सुटी असताना ती जितका वेळ झुलते त्यापेक्षा लवकर थांबली, तर चुंबक बरोबर बसले. मुलांना हे हाताला जाणवतं.

यंत्र शक्यतो तळमजल्यावर ठेवा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दांडी कलते. त्यामुळे खालचा ओटा मुरमापर्यंत उतरवलेला हवा. शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग चालू असताना त्यांचा हादरा रेषेत दिसेलच, रात्री तो कमी होतो.

मी हे किट का करतो तेही सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सहावीत होतो. मांडणीवरची भांडी खाली आली, आई आम्हाला घेऊन रस्त्यावर धावली, आणि उजाडल्यावर रेडिओवर कळलं की तिकडे गावंच्या गावं पडली आहेत. जमीन हलते ते मोजता येतं, हे मला फार उशिरा समजलं. तुमच्या वर्गातल्या मुलांना ते आत्ताच समजावं असं मनापासून वाटतं.

तुम्हाला पैसे परत हवे असतील तर आजच देतो. नाहीतर दांडी आणि चारही चुंबक घेऊन दुकानात या, गोंद मी स्वतः सोडवून देतो. घरी ओढून काढू नका, बोट सापडतं.