वाजते तीच खरी कोल्हापुरी, हे कुणी सांगितलं राव?

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात चौथ्यांदा आलाय, "खरी कोल्हापुरी अशी ओळखा". करकर वाजते तीच खरी, कोल्हापूर शहरात झालेलीच ओरिजिनल, पायाला चावली तर नकली, पाण्यात भिजवली की जन्मभर टिकते, आणि शेवटी प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीला म्हणे कोर्टानं दणका दिला. पाठवणारे काका वर्षातून एकदा लग्नात कोल्हापुरी घालतात. माझं आजोळ चप्पल शिवणाऱ्यांचं, त्यामुळं गप्प बसवत नाही.

पहिलं वाजण्याचं. अहो, चप्पल वाजते कारण ती वाजवायची म्हणून बनवलेली असते, तळाच्या दोन थरांच्या मध्ये बिया घालतात, त्याला आमच्याकडं विंचू म्हणतात, पाय टाकला की करकर सुरू. पाटलाला गल्लीत शिरायच्या आधी आपण आलोय हे कळवायची हौस असते, म्हणून तो वाजणारी मागतो. रोज शेतात किंवा हापिसात जाणारा माणूस कशाला मागेल? आज्जी म्हणायची, आवाज काय, कुणी पण काढून देईल, शिलाई बघा. तळ उलटा करायचा आणि कातड्याच्या वादीनं घातलेले टाके बघायचे, वेणी हातानं गुंफलेली आहे का बघायचं (ही वेणी बहुतेक घरात बायकाच गुंफतात पण दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव कधी दिसलं नाही, असो). मेसेजमध्ये "एकही खिळा नसतो" असं पण एक वाक्य आहे, ते मात्र बरोबर आहे, मान्य.

शहराचं तर हसूच आलं. कापशी हा प्रकार ज्या गावावरनं ओळखला जातो ते कागल तालुक्यात आहे, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. 2019 मध्ये जीआय (म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येतं, असं सरकारी मानांकन) मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. सीमावाद जिथं घालायचा तिथं घाला, चपलेत नको.

चावण्याबद्दल काय बोलायचं. नवी कोल्हापुरी चार दिवस चावतेच, जाड कातडं आहे ते, रबर नाही. रात्री थोडं तेल लावून ठेवायचं, घरातल्या घरात वापरायची, मग पायाचा आकार धरते.

पाण्याचा सल्ला मात्र डेंजर आहे, त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी नवी जोडी बादलीत बुडवणार. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्यात आठवडेच्या आठवडे जातात, वर प्लास्टिकचा थर वगैरे नसतो, त्यामुळं ते पाणी पितं, फुगतं आणि वाळल्यावर कडक होऊन वाकडं होतं. चुकून भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नाही. आमच्याकडं पावसाळ्यात कोल्हापुरी माळ्यावर जायची आणि सगळे प्लास्टिकच्या चपलेत, शिवणारे सुद्धा!

आता प्राडा. जून 2025 ला मिलानच्या शोमध्ये त्यांनी तशीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, बोंबाबोंब झाल्यावर मूळ मान्य केलं. मुंबई हायकोर्टात जनहित याचिका गेली होती खरी, पण ती जुलैत फेटाळली गेली, कारण जीआयचे नोंदणीकृत मालक दुसरे होते आणि याचिका करणारे दुसरे. म्हणजे दणका वगैरे काही नाही. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार झाला, 2000 जोड इथंच बनवायचे, एकेक जोड साधारण 800 युरोला विकायचा. त्यातले शिवणाऱ्याच्या हातात किती पडणार हा प्रश्न विचारायला पाहिजे होता, तो मेसेजमध्ये कुठंच नाही.

आणि काका, गेल्या दिवाळीत कोल्हापूरच्या चप्पल लाईनला, म्हणजे चपलांच्या बाजारात, तुम्ही बाराशेची जोडी आठशेला मागत अर्धा तास उभे होता, मी शेजारीच होतो.