एक डोळा मिटला म्हणून जग सपाट होत नाही

सोलापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे खोली, म्हणजे कुठली वस्तू किती लांब आहे ते, फक्त दोन डोळ्यांमुळे कळते, एका डोळ्याला जग फोटोसारखं सपाट दिसतं, म्हणून एक डोळा गेलेल्या माणसाला अंतराचा अंदाज येणं अशक्य. पुरावा काय, तर एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा.

सुईचं मान्य. दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना जरा वेगवेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्येच हे दाखवून दिलं. त्याच्या आरशांच्या यंत्रात दोन डोळ्यांसमोर दोन सपाट रेखाचित्रं ठेवली की एकच भरीव वस्तू दिसायची. पण हा फरक जवळ मोठा असतो, लांब गेलं की झपाट्याने कमी होतो. मेसेजवाल्याने प्रयोग निवडला हातभर अंतरावरचा आणि निकाल लावला सगळ्या जगाला.

'सपाट' तर साफ चूक. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक डोळा झाकून चाला (गर्दी नसताना, कृपा करून). जवळचा कठडा भराभर मागे सरकतो, पलीकडचं देऊळ जवळपास जागचं हलत नाही. अलीकडे काय, पलीकडे काय, हे मेंदू त्या सरकण्यावरून ताडतो. थांबलात तरी कठड्याने पाणी झाकलेलं असतंच, म्हणजे कठडा अलीकडे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) ओळीने येतात. मागचा लहान दिसला म्हणून तो बुटका आहे, असं एका डोळ्यानेही वाटत नाही.

आणि फोटो तरी कुठे सपाट वाटतो? पोचा पडलेल्या पातेल्याचा फोटो मोबाइलवर उलटा करून बघा. बहुतेकदा पोच्याचा फुगवटा होतो, कारण उजेड वरूनच येतो असं मेंदू गृहीत धरतो आणि सावलीवरून खड्डा-उंचवटा ठरवतो. यात दुसऱ्या डोळ्याचा काहीच संबंध नाही.

राहिलं 'अशक्य'. मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची नजर १९६१ च्या मोटार अपघातात जवळजवळ गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले, पुढच्या वर्षी कर्णधार झाले आणि १९६४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ काढल्या. त्यांना त्रास झालाच नाही असं नाही. डोळा गेल्यावर सुरुवातीला पायरी चुकते, चहा कपाबाहेर ओतला जातो. मात्र बहुतेक जण काही महिन्यांत उरलेल्या खुणांवर भिस्त ठेवायला शिकतात.