वू-टँगचे सोलो अल्बम आणि 'ग्रुप फुटला' ही दंतकथा

हिप हॉपवर गप्पा सुरू झाल्या की वू-टँग क्लॅन या नऊ जणांच्या अमेरिकन रॅप ग्रुपबद्दल एक मत हमखास ऐकू येतं. ते साधारण असं: "वू-टँगचा खरा अल्बम एकच, 1993 चा 'एंटर द वू-टँग (36 चेंबर्स)'. तो गाजला आणि लगेच प्रत्येकानं आपली वेगळी चूल मांडली. ग्रुपला न लागलेली गाणी सोलो अल्बममध्ये गेली. त्या सोलोच्या हव्यासापायी ग्रुप संपला. सोलोंपैकी दोन-तीन बरे आहेत, तेही रिझाच्या बीट्समुळे." (रिझा म्हणजे ग्रुपचा सूत्रधार आणि संगीतकार; बीट म्हणजे ज्यावर रॅप केलं जातं ते संगीत.) शब्द इकडचे तिकडे होतात, सूर तोच राहतो. नव्यानं ऐकायला लागलेली मुलं हे वाचतात, पहिला अल्बम ऐकतात आणि तिथेच थांबतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुढची तीन वर्षं हिप हॉपच्या इतिहासातल्या सगळ्यात श्रीमंत वर्षांपैकी आहेत. म्हणून हे मत मुद्द्यामुद्द्यानं तपासून पाहू.

पहिला मुद्दा: आधी ग्रुप, मग यश, मग फूट आणि सोलो.

हा क्रमच चुकीचा आहे. या मंडळींची सुरुवात सोलोनंच झाली आणि ती फसली. 1991 साली जिझाचा 'वर्ड्स फ्रॉम द जीनियस' कोल्ड चिलिन' या कंपनीनं काढला. त्याच वर्षी रिझा 'प्रिन्स रकीम' या नावानं टॉमी बॉयकडे होता आणि कंपनीनं त्याच्याकडून 'ऊ आय लव्ह यू रकीम' हे हलकंफुलकं, पोरी पटवण्याचं गाणं करून घेतलं. दोन्ही चालले नाहीत आणि दोघांनाही कंपन्यांनी सोडून दिलं. जिझा, रिझा आणि ओल' डर्टी बास्टर्ड हे सख्खे नव्हेत, पण नात्यानं भाऊ. एकेकट्या कलाकाराला कंपनी कशी वाकवते हे घरातच पाहिल्यावर त्यांनी ग्रुप उभा केला.

पुढचा व्यवहार नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळ्या वादाचं मूळ त्यात आहे. 'प्रोटेक्ट या नेक' हे पहिलं गाणं त्यांनी 1992 मध्ये स्वतःच छापून बाजारात आणलं. त्याचा बोलबाला झाला, कंपन्या दारात आल्या. रिझानं लाउड रेकॉर्ड्सची निवड केली, कारण लाउडनं एक अट मान्य केली: ग्रुप लाउडकडे राहील, पण प्रत्येक सदस्याला दुसऱ्या कुठल्याही कंपनीशी स्वतंत्र करार करता येईल. त्या काळात ग्रुपला सही करायला लावताना प्रत्येक सदस्याचे सोलो हक्कही बांधून घ्यायची पद्धत होती, त्यामुळे ही अट फार वेगळी होती. म्हणजे पहिला अल्बम दुकानात येण्याआधीच सोलो अल्बम करारात लिहिलेले होते.

मग काय झालं ते बघा. मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, ओल' डर्टी इलेक्ट्राकडे, जिझा गेफनकडे, गोस्टफेस किला एपिककडे आणि रेक्वॉन लाउडकडेच राहिला. पाच मोठ्या कंपन्या आपापल्या पैशानं, आपापल्या माणसांकरवी वू-टँगच्या एकाच 'डब्ल्यू'च्या चिन्हाची जाहिरात करायला लागल्या. रिझानं सगळ्यांकडे पाच वर्षं मागितली होती. तेवढा काळ निर्णय माझे, त्या बदल्यात आपण एक नंबरला पोचू, असं त्यानं सांगितलं होतं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. याला फूट म्हणणं मला पटत नाही.

दुसरा मुद्दा: सोलो म्हणजे एकट्याचा अल्बम.

हे म्हणणाऱ्यांनी कव्हरवरचं नाव वाचलंय, आतली गाणी ऐकलेली नाहीत. 'लिक्विड सोर्ड्स' घ्या. नोव्हेंबर 1995, कव्हरवर बुद्धिबळाचा पट, नाव जिझाचं. त्यातलं 'फोर्थ चेंबर' ऐका. सुरुवातीला 'शोगन असॅसिन' या सिनेमातला संवाद येतो: बाप तान्ह्या मुलापुढे तलवार आणि चेंडू ठेवतो आणि निवड म्हणतो. मग बीट सुरू होतो, करवतीसारखा कापत जाणारा. पहिलं कडवं गोस्टफेसचं. दुसरं किला प्रीस्टचं, जो नऊ जणांत नाहीच. तिसरं रिझाचं. ज्याचा अल्बम आहे तो जिझा चौथ्या नंबरवर येतो. 'शॅडोबॉक्सिन' मध्ये तर पहिलं आणि तिसरं कडवं मेथड मॅनचं आणि जिझा मध्ये एकदाच. सीडीवरचं शेवटचं गाणं 'बी.आय.बी.एल.ई.' पूर्णपणे किला प्रीस्टचं, त्यात जिझाचा आवाजसुद्धा नाही. नऊच्या नऊ सदस्य या ना त्या गाण्यात आहेत. स्वतःची चूल मांडायला निघालेला माणूस आपला अल्बम दुसऱ्याच्या आवाजावर संपवेल का?

हा एकाच अल्बमचा अपवाद असता तर गोष्ट वेगळी. रेक्वॉनचा 'ओन्ली बिल्ट फॉर क्यूबन लिंक्स' ऑगस्ट 1995 चा. कॅसेट जांभळ्या प्लास्टिकची होती म्हणून लोक त्याला 'पर्पल टेप' म्हणतात. त्याच्या कव्हरवर रेक्वॉनसोबत गोस्टफेस उभा आहे आणि बहुतेक गाण्यांत तो आहेच. 'विस्डम बॉडी' तर गोस्टफेसचं एकट्याचं गाणं, रेक्वॉनच्या अल्बमवर. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गोस्टफेसचा 'आयर्नमॅन' आला तेव्हा याची परतफेड झाली. कव्हरवर गोस्टफेससोबत रेक्वॉन आणि ग्रुपचा साथीदार कॅपाडोना. पहिल्या गाण्यात पहिला आवाज रेक्वॉनचा. 'द फास्टर ब्लेड' रेक्वॉनचं एकट्याचं. आणि 'असॅसिनेशन डे' मध्ये इन्स्पेक्टा डेक, रिझा, रेक्वॉन, मास्टा किला असे चौघे आहेत, गोस्टफेस नाही. स्वतःच्या पहिल्याच अल्बमवर दोन गाणी अशी, ज्यात तो गातच नाही.

आता उलटं बघा. ज्याला सगळे 'खरा ग्रुप अल्बम' म्हणतात त्या '36 चेंबर्स'मधलं 'क्लॅन इन दा फ्रंट' जिझा एकटा पेलतो. 'मेथड मॅन' या गाण्यात कडवी एकट्या मेथड मॅनची, गाण्याला नावही त्याचंच. मास्टा किला त्या अख्ख्या अल्बमवर एका कडव्यापुरता आहे. यू-गॉड त्या काळात बराच वेळ तुरुंगात होता, त्यामुळे त्याचाही वाटा अगदी थोडा. पहिल्या अल्बममध्ये सोलो गाणी आणि सोलो अल्बममध्ये ग्रुपची गाणी, असा हा मामला आहे. 1993 ते 1996 मधले सहा अल्बम हे एकाच ग्रुपचं काम आहे. पुढे कोण उभा राहणार, एवढंच दर वेळी बदलतं.

तिसरा मुद्दा: सोलो अल्बममध्ये उरलंसुरलं गेलं.

मेथड मॅनच्या 'टिकल'मधलं 'मेथ व्हर्सेस शेफ' ऐकलं की हा मुद्दा निकालात निघतो. रिझाची पद्धत अशी होती की चांगला बीट कुणालाही सहज मिळायचा नाही. दोघांना समोरासमोर उभं करायचं, जो भारी पडेल त्याचा बीट. मेथड मॅन आणि रेक्वॉनची ही झुंज त्या पद्धतीतूनच आली. अशा भांडणातून हातात आलेल्या गाण्याला उरलेलं कसं म्हणणार?

आणि हे अल्बम एकमेकांसारखे वाजत नाहीत, हे त्याहून महत्त्वाचं. 'टिकल' धुरकट आहे, तळघरात बसून ऐकल्यासारखा. ओल' डर्टीचा 1995 चा 'द डर्टी व्हर्जन' उघडावाघडा, बेसूर गातानाही जिवंत. 'शिमी शिमी या' मधल्या दोन-चार सुरांच्या पियानोवर त्या माणसानं जे केलं ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही. 'क्यूबन लिंक्स'मध्ये व्हायोलिन, जॉन वूच्या 'द किलर' या सिनेमाचे संवाद, कोकेनचा धंदा, आणि त्या धंद्यातून बाहेर पडायची दोन मित्रांची धडपड. अख्खा अल्बम एका सिनेमासारखा पुढे सरकतो. 'लिक्विड सोर्ड्स' थंड आणि हिशेबी, जिझाच्या आवाजासारखाच. 'आयर्नमॅन'मध्ये जुन्या सोल संगीताचे तुकडे आहेत आणि 'ऑल दॅट आय गॉट इज यू' मध्ये गोस्टफेस आईला उद्देशून लहानपणचं सांगतो: एका घरात खच्चून भरलेली माणसं, शेजाऱ्यांकडे खायला मागायला जाणं. ती नावं, ते तपशील '36 चेंबर्स'च्या धबडग्यात मावलेच नसते. नऊ जण एका माइकवर तुटून पडतात तेव्हा प्रत्येकाला एक कडवं मिळतं, आणि एका कडव्यात कुणाचं लहानपण सांगून होत नाही. त्यासाठी अल्बमच लागतो.

चौथा मुद्दा: सोलोंनी ग्रुप मारला.

इथे आकडे पुरेसे आहेत. '36 चेंबर्स' बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, मुख्य यादीत 41 च्या वर कधी गेला नाही. मग 'टिकल' थेट 4 नंबरला उतरला, 'डर्टी व्हर्जन' 7 ला, 'क्यूबन लिंक्स' 4 ला, 'लिक्विड सोर्ड्स' 9 ला, 'आयर्नमॅन' 2 ला. मेथड मॅनच्या मेरी जे. ब्लाइजसोबतच्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. आणि जून 1997 मध्ये पुन्हा ग्रुपच्या नावानं 'वू-टँग फॉरेव्हर' आला तो सरळ 1 नंबरला, पहिल्याच आठवड्यात 6 लाख 12 हजार प्रती खपवून. तोही दोन सीडींचा. त्यातलं सगळ्यात आधी बाजारात आलेलं गाणं 'ट्रायम्फ' जवळजवळ सहा मिनिटांचं, धृपद नाही, एकामागून एक नुसती कडवी. असं गाणं रेडिओवर वाजलं ते पाच सोलोंनी लोकांना प्रत्येक आवाज ओळखायला शिकवला म्हणून. पाच वर्षांत एक नंबर, हा शब्द रिझानं पाळला होता.

1997 नंतर घडी विस्कटली हे मीही मानतो. त्या वर्षी रेज अगेन्स्ट द मशीन या रॉक बँडसोबतचा दौरा त्यांनी अर्ध्यावर सोडला. पाच वर्षांची मुदत संपली, रिझानं लगाम सैल सोडले, 'डब्ल्यू'चं चिन्ह लावून इतके अल्बम आले की चाहत्यांनाही कळेना काय घ्यावं. पुढे पैशाच्या हिशेबावरून काही जण कोर्टात गेले. रेक्वॉनच्या 1999 च्या 'इम्मोबिलॅरिटी'त रिझाचा एकही बीट नाही, आणि मला तो अल्बम त्याच्या पहिल्या अल्बमपुढे फार फिका वाटतो. पण हे सगळं घडलं ते एकत्र काम करणं थांबल्यावर. 1995 चे अल्बम त्याला कसे जबाबदार?

खरा अन्याय दुसरीकडे झाला, आणि त्याबद्दल हे मत पसरवणारे कधीच बोलत नाहीत. रांगेत मागे असलेल्यांना फार थांबावं लागलं. रिझाच्या तळघरात पाणी शिरून शेकडो बीट्स गेले, त्यात इन्स्पेक्टा डेकच्या अल्बमसाठीचे होते. 'ट्रायम्फ'चं पहिलं कडवं डेकचं आहे. ते पहिल्यांदा ऐकताना मी गाणं थांबवून परत मागे नेलं होतं, आणि असं करणारा मी एकटा नसणार. त्या माणसाचा 'अनकंट्रोल्ड सबस्टन्स' यायला ऑक्टोबर 1999 उजाडलं. यू-गॉडचाही तेव्हाच. लाट तोवर ओसरली होती. तक्रार करायचीच असेल तर सोलो अल्बम फार झाले ही न करता डेकचा सोलो वेळेवर आला नाही, ही करा.

शेवटचा मुद्दा: जे काही चांगलं ते रिझामुळे.

त्या पाच अल्बमचा कणा रिझाच आहे, यात वादच नाही. 'क्यूबन लिंक्स' सगळा त्याचा, बाकीचे जवळजवळ सगळे. पण 'ब्रुकलिन झू' हे ओल' डर्टीचं ओळखीचं गाणं ट्रू मास्टर या दुसऱ्या निर्मात्यानं केलंय. 'बी.आय.बी.एल.ई.' फोर्थ डिसाइपल या आणखी एका निर्मात्याचं. आणि रॅप करणारी माणसं बदलता येण्यासारखी असती तर गोस्टफेसनं पुढे जे केलं ते झालंच नसतं. फेब्रुवारी 2000 मधला त्याचा 'सुप्रीम क्लिएन्टेल' अनेक निर्मात्यांच्या बीट्सवर उभा आहे आणि तरी माझ्या मते तो 'आयर्नमॅन'हून सरस आहे. शब्द इतके दाटीवाटीनं येतात की अर्थ नंतर कळतो, चित्र आधी दिसतं. 2006 च्या 'फिशस्केल'मध्ये एमएफ डूमच्या बीटवरचं '9 मिली ब्रदर्स' आहे, आणि त्यात अख्खा क्लॅन हजर आहे, तोवर गेलेल्या ओल' डर्टीचा आवाजसुद्धा. सोलो अल्बमवर, तेरा वर्षांनी, पुन्हा सगळे.

मास्टा किलाचं तर मला विशेष कौतुक आहे. '36 चेंबर्स'वर एका कडव्यापुरता असलेला हा माणूस, नऊ जणांत सोलो काढणारा शेवटचा. 'नो सेड डेट' जून 2004 मध्ये आला. घाईगर्दीच्या काळात तो थांबला, आणि जेव्हा आला तेव्हा क्लॅनमधला प्रत्येक जण त्याच्या अल्बमवर गायला. त्यात ओल' डर्टीही आहे, 'ओल्ड मॅन' या गाण्यात. त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला ओल' डर्टी गेला.

नवीन ऐकणाऱ्यांना मी क्रम असा देईन: '36 चेंबर्स', मग थेट 'लिक्विड सोर्ड्स', मग 'क्यूबन लिंक्स' आणि 'आयर्नमॅन' लागोपाठ, कारण ते दोन एकाच जोडीचे आहेत. 'टिकल' आणि 'डर्टी व्हर्जन' त्यानंतर. हे सगळं झाल्यावरच 'वू-टँग फॉरेव्हर' लावा. 'ट्रायम्फ'मध्ये कोण कधी आला हे तेव्हा कुणाला विचारावं लागणार नाही.