आर्द्रता ८९

मृग लागतो तेव्हा मला कविता सुचतात. आर्द्रा लागल्या की माझ्या लग्नातल्या बुटांवर हिरवी लव फुटते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीत मुक्कामाला येतो, असं माझं जुनं मत होतं.

कपाटात डांबरगोळ्या टाकून झाल्या, कापूर ठेवून झाला. बुरशी गेली नाही; शर्टांना मात्र अर्धा देवळाचा, अर्धा दवाखान्याचा वास लागला. गेल्या वर्षी भिंतीवरच्या बुरशीवर नवा रंग मारला. तो तिने आहेर समजून घेतला आणि महिन्याभरात पुन्हा वर आली.

यंदा शास्त्रोक्त बंदोबस्त करायचा म्हणून आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. घरात आकडा ६० च्या आत ठेवायचा असतो. आमचा आला ८९. बायको म्हणाली, "बारावीला मला एवढे पडले असते, तर मी इथे नसते."

मग हवेतलं पाणी ओढणारं मशीन आलं. सकाळी टाकीत दोन लिटर पाणी! मी ती टाकी घरभर मिरवली. तीन रात्री झाल्या, पाणी रोज निघत होतं, आकडा हलत नव्हता. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, ते चालू असताना खिडकी उघडी कशाला ठेवतोस?" म्हणजे तीन रात्री मी एकटा अख्खी रत्नागिरी वाळवत होतो.

खिडकी लावली. आकडा ७४ वर येऊन अडला. तेव्हा कुठे पलंगावरच्या दोरीकडे लक्ष गेलं. चौघांचे कपडे, त्यात सोमवारपासून ओली असलेली माझी जीन्स, आणि वर पंखा पाचावर. त्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पंखा पाणी नाहीसं करत नाही. कपड्यांकडून घेऊन भिंतीला देतो.

भिंतीला चिकटलेलं कपाट वीतभर पुढे ओढलं. वारा लागत नसल्याने मागे बुरशीचा काळा नकाशा उमटला होता, आणि मुलाचं हरवलेलं कर्कटक. तोंडाला फडकं बांधून भिंत साबणाच्या पाण्याने पुसली, कोरडी केली. दोरी काढली.

कपडे आता मशीनसमोर. त्यातून कोरडी, गरम हवा येते, हा शोध आईचाच. तिथे दोनच खुर्च्या मावतात, म्हणून नंबर लागतात. माझी जीन्स गुरुवारपासून वेटिंगवर आहे.